पुरलेल्या विषाचा हिशेब

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा २०२५ साली पिथमपूर येथे जाळण्यात आला. म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. तो गोदामातला कचरा होता. १९८४ च्या वायुदुर्घटनेपूर्वी आवारात पुरलेल्या कचऱ्याचा हिशेब बाकीच आहे. जमिनीत वीजप्रवाह सोडून तिची रोधकता मोजली, तर असे खड्डे न खणता हुडकता येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे असे सर्वेक्षण केलेही आहे. रोधकता विषाचे नाव सांगत नाही, हे खरे. त्यासाठी निवडक ठिकाणचे नमुने तपासावेच लागतात. परंतु कोठे खणावे हे कळले, की खर्च आटोक्यात येतो. तेव्हा पैशाची सबब टिकत नाही. न मोजलेल्या विषाची किंमत अखेर भूजलावर जगणारी वस्तीच चुकवते.