आपल्या दारची बेटे

आमच्या शाळेच्या सहली दूरदूरच्या स्थळी जातात. हंपी झाली, म्हैसूर झाले, रायगड झाला. त्याविषयी माझी तक्रार नाही. रायगड पाहिल्यावाचून मराठी मुलाने शाळा सोडू नये, असेच मी म्हणेन. परंतु डिचोलीहून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासात जेथे पाऊल ठेवता येते, ती मांडवीच्या पात्रातील चोडण आणि दिवाडी ही बेटे किती जणांनी पाहिली आहेत, असे मी एकदा वर्गात सहज विचारले. चाळीस मुलांत सात हात वर झाले, आणि त्या सातांपैकी दोन हात चोडणच्याच मुलांचे होते!

ही गोष्ट मनाला लागली म्हणून म्हणा, किंवा मातोश्रींनी "एकदा मला फेरीबोटीत बसव रे बाबा" असा लकडा लावला म्हणून म्हणा, गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी आम्ही घरची पाच माणसे निघालो. बेत असा केला की, मयेहून चोडणला जावे, तेथून फेरीबोटीने रायबंदरला उतरावे, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दुसऱ्या बोटीने दिवाडी गाठावी आणि सायंकाळी तिसऱ्या बोटीने नार्वे येथे उतरून घरी परतावे. सौ.ने एकच अट घातली: दिवसभर कोणी घड्याळ पाहावयाचे नाही. ती अट मीच दोनदा मोडली.

मयेच्या बाजूने चोडणला पूल आहे. त्यामुळे आपण बेटावर आलो, हे मुलांना काही केल्या पटेना. बेट म्हणजे चहूकडे समुद्र आणि मध्ये नारळाचे एक झाड, अशी चित्रे पाहिलेली ही पिढी! मग मी मोटार रस्त्याच्या कडेला उभी केली आणि आम्ही खाजनाच्या बांधावरून चालू लागलो. तेथे आमचा सकाळचा सगळा वेळ गेला, आणि माझ्या मते त्या दिवसाचे खरे शिक्षण तेथेच झाले.

खाजन म्हणजे नदीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली खोलगट जमीन. शेताची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली असते. म्हणजे तो मातीचा बांध नसेल, तर दिवसातून दोनदा नदी शेतात येईल. बांधात ठिकठिकाणी मानस असते. भरती चढू लागली की मानशीची लाकडी दारे नदीच्याच दाबाने आपोआप मिटतात, आणि ओहोटी लागली की आतले पाणी ती दारे ढकलून बाहेर पडते. या यंत्राला वीज लागत नाही, तेल लागत नाही. चंद्र ते चालवितो. पावसाने जमिनीतील मीठ धुऊन गेले की खाऱ्या पाण्याला न डरणारे कोरगुट भात पेरावयाचे, आणि भात कापून झाल्यावर त्याच पाण्यात मासळी पाळावयाची. आमच्या पाठ्यपुस्तकांत नाईलचे कालवे आहेत, हॉलंडचे बांध आहेत. मयेच्या पलीकडची मानस मात्र नाही.

थोडे पुढे गेलो तो बांधाला भगदाड पडलेले दिसले. आतल्या शेतात पाणी तुंबून खारफुटी माणसाच्या उंचीची झाली होती. तेथे भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, ते शेत त्यांनी स्वतः कसलेले आहे. पूर्वी बांधाची डागडुजी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद पाहत असे. १९६४ साली कूळकायदा आला, शेत कसणाऱ्यास संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. पुढे बांधांचे काम कुळांच्या संघांकडे गेले. परंतु कुळांची मुले नोकरीस लागली, बांधावर चिखल थापावयास माणूस मिळेना, आणि एकाचा बांध फुटला की शेजारच्या दहा जणांचे शेत खारट होते. आता त्या शेतातील खारफुटी तोडावी, तर तीही कायद्याने संरक्षित. म्हातारबुवा हसून म्हणाले की, माझ्या शेतावर आता बगळ्यांचा ताबा आहे. ते हसले खरे. आम्हांला मात्र हसू आले नाही.

बेटाच्या पश्चिम टोकास सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते घोषित झाले. क्षेत्र दोन चौरस किलोमीटरही नाही, परंतु हिवाळ्यात खंड्या, ढोकरी, तुतवार यांची तेथे दाटी असते. चिरंजिवांनी वहीत अकरा पक्षी लिहून घेतले. त्यांतील दोन कावळे असावेत, असा त्यांच्या भगिनींचा आक्षेप आहे.

रायबंदरच्या बोटीत मातोश्री कठड्यापाशी उभ्या राहिल्या आणि पलीकडचा काठ येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे जुन्या गोव्यात आम्ही थांबलो नाही. तेथील मंदिरे-चर्चे शाळेने दाखविलेली आहेत. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर आलो आणि दिवाडीस उतरलो.

दिवाडीला आजही पूल नाही. मोटारी थोड्या, रस्ते अरुंद, घरांना रुंद ओसऱ्या, आणि पिएदादच्या टेकडीवरील चर्चच्या आवारातून दोन्ही बाजूंची नदी दिसते. त्या आवाराच्या दफनभूमीतील लहानशा देवळीत कदंबकालीन कोरीव काम अजून शिल्लक आहे. या दोन बेटांवरून सोळाव्या शतकात कित्येक देव नदीपार गेले. चोडणचा देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलास गेला. दिवाडीचा गणपती अखेर खांडोळ्यास स्थिरावला. आणि कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर दिवाडीवरील नार्वे सोडून पैलतीरी डिचोली महालात आले. ज्या नव्या जागी ते आले, तिलाही लोकांनी नार्वे हेच नाव दिले. गाव मागे राहिला, नाव बरोबर आले. हे मी मातोश्रींना सांगत असताना शेजारी बसलेल्या एका ख्रिस्ती बाईंनी आमच्या मुलांच्या हातावर शेंगदाण्याचे लाडू ठेवले. ते देव ज्यांनी नेले त्यांचे वंशज आणि जे मागे राहिले त्यांचे वंशज एकाच बाकावर बसून लाडू खातात, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात कोठे लिहावयाची?

डबा सोडून आम्ही झाडाखाली जेवत असता गडगडाट झाला. कोकण रेल्वे! १९९८ पासून मुंबई-मंगळूरच्या गाड्या याच बेटावरून धावतात, आणि बेटावर स्थानक नाही. उतरावयाचे तर नदीपलीकडे करमळीस. हजारो प्रवासी खिडकीतून हे हिरवे शेत पाहून "किती सुंदर!" म्हणत असतील, आणि पुढच्या क्षणी ते मागे पडत असेल.

येथे मला जे म्हणावयाचे आहे, ते थोडे कटू आहे. आपल्यासारखे एका दिवसाचे पाहुणे बेटावरून परतताना हमखास म्हणतात, "येथे पूल कधी होऊ नये." त्या दिवशी माझ्याही तोंडी हे वाक्य आले होते. सौ.ने विचारले, "चोपड्याची रात्र विसरलात का?"

माझे बालपण पेडणे महालात गेले. शिवोलीचा पूल तेव्हा नव्हता. चोपड्याला फेरीबोट होती. थोरल्या बहिणीला रात्री वेणा सुरू झाल्या, आम्ही काठावर आलो, आणि बोट पलीकडच्या तीरावर. वडील अंधारात हाका मारीत होते, कंदील हलवीत होते. पाऊण तासाने बोट आली. बहीण म्हापशास सुखरूप पोहोचली, भाचाही आज नोकरीस आहे. पण तो पाऊण तास ज्याने काठावर काढला आहे, त्याने बोटीचे गोडवे जपून गावेत. पूल झाल्यावर पेडण्याची मुले म्हापशाच्या महाविद्यालयात सहज जाऊ लागली, हे खरे. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्याचे काय झाले, हेही आपण पाहतोच. जमीन विकत घेणाराही त्याच पुलावरून येतो.

म्हणून पूल हवा की नको, हा प्रश्न बेटावरच्या लोकांचा आहे. त्यांच्यातही त्याविषयी दुमत ऐकू येते, आणि दोन्ही बाजूंस कारणे आहेत. आपल्या रविवारच्या करमणुकीसाठी त्यांनी रात्री धक्क्यावर तिष्ठत बसावे, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. आपणांस करता येण्याजोगे काम निराळेच आहे. बांध का फुटला, हे विचारता येईल. कोरगुटाचे तांदूळ दोन पैसे अधिक देऊन घेता येतील. आणि आमच्या शाळेची पुढील सहल, मुख्याध्यापकांची अनुमती असल्यास, आठवी-नववीच्या मुलांनी चोडणच्या बांधावर काढावी. बरोबर भूगोलाचे शिक्षक हवेत, एखादे म्हातारबुवा हवेत, आणि पायांत चपला नकोत. खर्च हंपीच्या दशांशही येणार नाही. पालकांनीही एखादा रविवार मोकळा ठेवावा. माझा अनुभव असा की, मोटार जितकी कमी चालवावी, तितके अधिक दिसते.

ऊन उतरल्यावर आम्ही तिसऱ्या बोटीत चढलो. बोटीला नदी ओलांडावयास काही मिनिटे पुरली. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली करविला; तो शिलालेख दारावर आहे, आणि २०२३ साली शासनाने वास्तू पुन्हा नीट केली आहे. मातोश्री पायरीवर टेकल्या, दिवाडीच्या दिशेने पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "देवाला एवढेच अंतर यायचे होते होय? मला वाटले होते, फार लांबून आला असेल." धाकटीने लगेच विचारले की, देव आला तेव्हा बोट होती का. तिला काय उत्तर द्यावे, याचा विचार करीत मी मोटार डिचोलीच्या रस्त्याला लावली.