पुसेगाव ते ग्वांगझू, पन्नास हजारांच्या आत

सरळ मुद्द्यावर येतो. चीनमधलं एखादं शहर बघायचं असेल तर ते कमी पैशातच बघावं, असं माझं ठाम मत आहे. खिसा गरम असला की माणूस एसी बसमध्ये बसतो, गाईडनं दाखवलेल्या जागी फोटो काढतो, संध्याकाळी सातला पंजाबी रेस्टॉरंटमध्ये पनीर खातो आणि परत येऊन 'काय ते रस्ते, काय त्या बिल्डिंगा' सांगत सुटतो. शहर चालतं कसं, ते त्याला कळतच नाही. आणि आपण तर इंजिनिअरिंगची पोरं! चालतं कसं हेच तर आपल्याला बघायचंय.

आता हे सांगतोय कोण? तर पुसेगावचा माणूस. सातारा जिल्ह्यातलं सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव नव्हे हो! आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. फर्स्ट इयरपासून होस्टेलवर हे सांगून सांगून तोंड दुखलं. घरी सोयाबीन, हळद आणि दोन म्हशी. २०२५ च्या डिसेंबरात, परीक्षा संपल्यावर, मी सहा दिवस ग्वांगझूला जाऊन आलो. पैसे दोन इंटर्नशिपच्या स्टायपेंडचे.

घरी सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "चीनला कामून जायलास? तिकडं आपलं कोण हाय?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल, आणि बाजारात त्याच्या खालीच जात होतं. म्हणजे पन्नास हजार म्हणजे नऊ-साडेनऊ क्विंटल सोयाबीन, तेही कागदावरच्या भावानं. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्याची काय दशा केली ते सगळ्यांना माहीतच आहे. अशा वर्षी फिरायला जाणं शोभतं का, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर मी असं काढलं की हेच पैसे मी एखाद्या क्लासला भरले असते तर कोणी काही विचारलं नसतं. सहा दिवसांत मी जे शिकलो ते त्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

हिशोब आधी देतो, कारण रूमवर येणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं पुन्हा सुरू झाली ती २६ ऑक्टोबर २०२५ ला, कोलकाता ते ग्वांगझू. म्हणून मी हिंगोलीहून अकोला, अकोल्याहून हावडा मेलचं स्लीपर आणि कोलकात्याहून विमान असा गेलो. रेल्वेला एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस, विमानाला चार तासांच्या आसपास! विमानाचं जाऊन-येऊन तिकीट सत्तावीस हजार. व्हिसा, विमा, सिम मिळून सहा. रेल्वे आणि किरकोळ दीड-दोन. आणि त्या एवढ्या मोठ्या शहरात सहा दिवस राहणं, खाणं, फिरणं मिळून बारा हजारांच्या थोडं वर. म्हणजे महाग आहे ते पोचणं. पोचल्यावर आपल्या पुण्यातल्या कॉट बेसिसवाल्यापेक्षा फार वेगळं गणित नाही.

एक युआन तेव्हा साधारण बारा-तेरा रुपयांचा होता. डॉर्मिटरीतली कॉट मला सत्तर युआनला पडली. आठ जणांची खोली, म्हणजे आपल्या होस्टेलवर राहिलेल्याला सवय लागायला एक मिनिट पुरे. परदेशी माणसाची पोलिसांकडे चोवीस तासांत नोंद व्हावी लागते, ती हॉटेलवालेच करतात. मेट्रोचं भाडं पहिल्या चार किलोमीटरला दोन युआन, पुढं अंतराप्रमाणे वाढत जातं, आणि गंमत म्हणजे जितकं लांब जाल तितका किलोमीटरमागचा दर उतरत जातो. विमानतळावरून गावात यायला सात-आठ युआन. विमान पहाटे उतरलं, टॅक्सी परवडणारी नव्हती, म्हणून मेट्रो सुरू होईपर्यंत बाकावर बसून राहिलो. त्या दोन तासांत झाडूवाले, सामानवाले, ड्यूटी बदलणारे सगळे बघून झाले. टॅक्सीत बसलो असतो तर यातलं काय दिसलं असतं?

खाण्याचं म्हणाल तर मी अंडं खातो, त्यामुळे वाचलो. टोमॅटो घातलेली अंडा-भुर्जी आणि भात हा तिथला साधा घरगुती प्रकार जवळजवळ कुठंही मिळतो. शुद्ध शाकाहारी मंडळींनी 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी, हे पाठ करावं आणि बौद्ध मंदिरांच्या आसपास खाणावळी शोधाव्यात. ज्यांना डुकराचं मांस टाळायचंय त्यांच्यासाठी लानझोऊ नूडल्सवाल्यांची हॉटेलं, ती बहुतेक मुसलमानांची असतात. आणि हो, आपल्या गाड्यावरचं 'चायनीज' तिथं मिळत नाही. मंचुरियन विचारू नका, हसतील.

पैसे सगळीकडे मोबाईलवरून. भाजलेली रताळी विकणाऱ्या हातगाडीवरसुद्धा क्यूआर. पण याचं नवल आपल्याला वाटायचं कारण नाही, पुसेगावच्या पानटपरीवरही तो आहे. फरक एवढाच की आपलं यूपीआय तिथं कामाचं नाही. २०२३ पासून परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथल्या पेमेंट ॲपला जोडता येतं. दोनशे युआनच्या आतल्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर तीन टक्के. सहा दिवसांत दोनशेच्या वर मी एकदाही गेलो नाही, यातच काय ते समजा. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथं बंद, पण आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतात.

असो. हे सगळं कुठंही मिळेल. मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

ग्वांगझूच्या तिएनह भागात शिपाय नावाचं गाव आहे. (आपल्याला ऐकू येतं शिपाई!) गाव म्हणजे गावच. चारी बाजूंनी काचेचे टॉवर आणि कॉम्प्युटरचे मॉल, आणि मध्ये हे. इथं एकेकाळी भातशेती होती. १९८७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिएनहला स्टेडियम झालं आणि शहर तिकडं सरकलं. सरकारनं शेती घेतली, पण गावठाण गावकऱ्यांकडेच राहिलं. शेतकऱ्यांनी काय करावं? घरं पाडून पाच-सहा-सात मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. दोन इमारती इतक्या जवळ की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतो, म्हणून त्यांना तिथं 'हस्तांदोलन इमारती' म्हणतात. गल्लीत दुपारी बारालाही ट्यूबलाईट लागते. वर वायरींचं जाळं, खाली न्हावी, चपला शिवणारा, नूडलवाला, मोबाईल दुरुस्तीवाला. स्वस्त खायचं म्हणून मी तिथं गेलो आणि मग रोज संध्याकाळी तिथंच जात राहिलो.

लिएद नावाचं असंच दुसरं गाव २०१० च्या आशियाई स्पर्धांच्या आधी पाडलं. तिथं आता टॉवर आहेत. गावकऱ्यांना फ्लॅट मिळाले, आणि पूर्वजांच्या नावाची त्यांची मंदिरं पुन्हा बांधून दिली. पण तिथं भाड्यानं राहणारे जे हजारो लोक होते, बाहेरच्या प्रांतांतून कामाला आलेले, त्यांच्या वाट्याला काय आलं असेल? पाडापाडीत मोबदला मालकाला मिळतो, भाडेकरूला दुसरी खोली शोधावी लागते. हे आपल्याकडेही असंच नाही का?

शिपायच्या त्या नूडलवाल्यानं एकदा मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपवरून मला विचारलं, तुमच्या गावाला काय पिकतं? मी हळद सांगितली. मग त्यानं सांगितलं की तो हुनान प्रांताचा, मुलगी गावाकडं आजीजवळ, वर्षातून एकदा नववर्षाला भेट. चीनमध्ये प्रत्येकाची नोंद त्याच्या मूळ गावाशी बांधलेली असते, हुकौ म्हणतात तिला. शहरात आयुष्य घालवलं तरी नोंद गावची असेल तर मुलांना तिथल्या सरकारी शाळेत घालणं अवघड. आमच्याकडं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं आजीजवळ राहतात, ती माझ्या वर्गातही होती. त्यामुळे तो काय सांगतोय हे कळायला मला ॲपची फार गरज पडली नाही.

हे एसी बसमधून दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याकडं चीनबद्दल बोलणारे दोनच प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो तिकडचं सगळं भारी, आपल्याकडं काहीच होणार नाही. दुसरा म्हणतो सगळा माल तकलादू आणि सगळी माणसं रोबोट. दोघंही गेलेले नसतात. ग्वांगझूची पहिली मेट्रो १९९७ ला सुरू झाली. तेव्हा आमचा हिंगोली जिल्हासुद्धा नव्हता, तो १ मे १९९९ चा. आज तिथं सातशे किलोमीटरहून मोठं जाळं आहे आणि पुण्याची मेट्रो २०२२ ची. हे बघून जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? पण त्याच शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे आहेत, आणि सरकारबद्दलचा प्रश्न ॲपवर टाइप केला की समोरचा माणूस हसून विषय बदलतो. आपल्या टपरीवर सकाळी सातला पंतप्रधानांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची उत्तरपूजा होते, त्याची किंमत मला तिथं कळली.

काही मित्र म्हणाले, गलवानमध्ये २०२० ला आपले २० जवान गेले आणि तू त्यांना पैसे देऊन आलास? या प्रश्नाची चेष्टा मी करणार नाही, आमच्या भागातली पोरं सैन्यात आहेत. पण आपल्या प्रोजेक्ट लॅबमधला सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, सेन्सर उलटून बघा, मागं काय छापलंय? माल घ्यायचा आणि तो बनतो कुठं ते बघायचं नाही, यात कसली देशभक्ती? ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याचं घर आधी बघून यावं.

आणि आपला त्या शहराशी संबंध काही आजचा नाही. सर जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं मुंबईत जे. जे. हॉस्पिटल आहे, ते १७९९ पासून काही वर्षांत पाच वेळा चीनच्या व्यापाराला गेले. कापूस जायचा, अफूही जायची. तो पैसा कुठून आला हे आपण पाटीवर लिहीत नाही. चांगल्या कारणानं गेलेलेही आहेत. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात जखमींची सेवा करायला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तिथंच ९ डिसेंबर १९४२ ला वारले, वय अवघं ३२. माझं वय सांगितल्यावर होस्टेलच्या रिसेप्शनवरच्या म्हाताऱ्या काकांनी 'क तिहुआ' असं दोनदा म्हटलं. ते कोटणीसांचं चिनी नाव. मला ते ओळखायला दोन मिनिटं लागली.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास : ग्वांगझूहून शेन्झेन हायस्पीड रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर, भाडं ऐंशी युआनच्या आतबाहेर. तिथलं ह्वाछ्यांगबेई मार्केट म्हणजे बुधवार पेठेतली आपली तापकीर गल्ली कित्येक मजल्यांवर चढवली तर जे होईल ते. एकेका काउंटरवर एकच वस्तू. एकाकडे फक्त कनेक्टर, दुसऱ्याकडे फक्त एलईडी. सकाळी नमुना दाखवा, संध्याकाळपर्यंत भाव, असा कारभार. मी तिथं चार तास होतो आणि खरेदी केली साठ युआनची. काउंटरवाल्या बाईंना माझी दया आली असावी.

आता स्टाफला विनंती. दरवर्षी इंडस्ट्रियल व्हिजिट निघते. अर्धा दिवस एका कारखान्याचं गेट, सुरक्षा टोपी घालून ग्रुप फोटो, आणि उरलेले तीन दिवस गोवा. गोव्याला माझा विरोध नाही बरं का! पण त्याच पैशात थोडी भर घालून दहा-बारा मुलांचा एक गट, एक सर आणि एक मॅडम, असं दर वर्षी नाही तर दोन वर्षांतून एकदा ग्वांगझू-शेन्झेनला न्यावा. तिकिटं एकत्र काढली तर आणखी स्वस्त पडतील. मुलींना घरून एकटीला परवानगी मिळणार नाही, कॉलेजबरोबर कदाचित मिळेल. आणि परत आल्यावर प्रत्येकानं गोषवारा लिहायचा : एका मेट्रो स्टेशनवर दोन तास बसून काय दिसलं, एवढाच.

जायचंच असेल तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. १९५७ पासून भरणारा कॅन्टन फेअर तेव्हा असतो, खोल्यांचे भाव वाढतात. चिनी नववर्षाच्या आठवड्यातही नको, अख्खा देश गावाला निघालेला असतो. डिसेंबरला एक स्वेटर पुरतो. चिनी वाक्यांची वही माझ्याकडे आहे, उच्चार देवनागरीत लिहिलेत. झेरॉक्स काढा, पण वही परत आणून द्या.