कोयता, सुरी आणि पहिले मत

नव्या वस्तूविषयीचे आपले पहिले मत बहुधा तिच्या रूपावरून बनते. आणि जिची जाहिरात साहसाच्या भाषेत केली जाते, तिच्याबाबत तर ते नावावरूनच बनून गेलेले असते. ‘आऊटडोअर नाइफ’ म्हणून बाजारात मिळणारी, न मिटणाऱ्या पात्याची एक नवी सुरी काही दिवस आम्हां सहकाऱ्यांच्या हाताळणीत आली. उरण तालुक्यातील करंजा येथे, खाडीकाठच्या एका वाडीत, ती आम्ही कोयत्याच्या शेजारी ठेवून वापरली. आम्ही मराठीचे अध्यापक, हत्यारांचे जाणकार नव्हे. परंतु या तुलनेतून उभा राहिलेला प्रश्न आमच्याच विषयाचा आहे, म्हणून हे टिपण.

सुरी चांगली आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. पाते वीतभराहून लहान. त्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेले. घडीच्या चाकूत जो सांधा कालांतराने ढिला होतो, तो येथे मुळातच नाही. मूठ ओल्या हातातून निसटत नाही. पोलादात क्रोमियम असल्याने खाडीचा खारा वाराही तिला सहज गंजवू शकत नाही; कोयता मात्र पुसून, खोबरेलाचा हात फिरवून ठेवला नाही तर लवकरच तांबूस होतो. दोर कापणे, मासळी साफ करणे, काटकी तासणे ही कामे सुरीने नेटकी केली. शहाळ्यापुढे मात्र ती थांबली. शहाळ्याला घाव लागतो आणि घावाला वजन लागते. कोयत्याचे वजन पात्याच्या पुढच्या भागात असते. त्याच्या बाकाने फांदी ओढून घेता येते. आणि कमरेमागे बांधलेल्या लाकडी आकडीत तो अडकवला की झाडावर चढणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातूनही लोहार तो घडवतो. सुरीला खरेदीदाराची कल्पना करून आकार दिलेला आहे. कोयत्याला कामाने आकार दिला आहे.

हा फरक शब्दांतही उतरतो. इंग्रजीत ज्याला ‘फिक्स्ड ब्लेड’ म्हणतात त्याचा अर्थ केवळ ‘न मिटणारे पाते’ एवढाच. आपल्या स्वयंपाकघरातील विळीचे पाते खऱ्या अर्थाने स्थिर असते. हलते ती कापावयाची वस्तू. पोलाद लालबुंद तापवून बुडवण्याच्या क्रियेला लोहार ‘पाणी देणे’ म्हणतो, आणि ‘पाणीदार’ हे विशेषण तेथून माणसाच्या स्वभावापर्यंत येऊन पोहोचले आहे. एखाद्याला आपण ‘धारेवर धरतो’, तेव्हाही हत्यारच बोलत असते. नव्या सुरीविषयी बोलताना आमच्या तोंडी आलेले बहुतेक शब्द जाहिरातीचे होते. कोयत्याविषयी बोलताना आलेले शब्द हाताचे होते.

परंतु खुद्द ‘कोयता’ या शब्दाचे आज काय झाले आहे? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीला जाणाऱ्या कामगारांत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे; एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव पुसून तेथे हत्यार मोजले जाते. दुसरीकडे, २०२२-२३ च्या सुमारास पुण्यातील गुन्ह्यांच्या बातम्यांतून ‘कोयता गँग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि शहरी वाचकाच्या मनात आता हा शब्द उच्चारताच दहशत उभी राहते. झाडावरचा माणूस, फडातील बाई आणि कमरेची आकडी त्या मथळ्यांमागे दिसेनाशी झाली.

येथे कायदा भाषेहून अधिक विवेकी ठरतो, असे आम्हांस वाटते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्रा’च्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे केवळ धार पुरेशी नाही, हेतूही पाहावयाचा. मग जंगलातील मुक्कामासाठी विकत घेतलेली चकचकीत सुरी ‘छंद’ आणि वाडीतला कोयता ‘धोका’, हा भेद आपण कोणत्या आधारावर करतो? तो धारेचा नाही, हेतूचा तर नाहीच. तो वर्गाचा आहे.

मराठीच्या तासाला वाडीवरची, कोळीवाड्यातील, ऊसतोडणीला जाणाऱ्या घरांतील मुलेही बसतात. आपल्या घरातील हत्याराचे नाव त्यांना फक्त गुन्ह्याच्या मथळ्यात भेटावे, ही गोष्ट आमच्या मते गंभीर आहे. ‘आकडी’, ‘बाक’, ‘पाणी’ हे शब्द त्यांच्याकडून ऐकून घेणे आणि वर्गात वापरात आणणे, एवढे तरी अध्यापकाच्या हातात आहे. वृत्तपत्रांना ‘गँग’ लिहिण्यापासून आम्ही रोखू शकणार नाही. मात्र त्या शब्दाचा तोच एकमेव अर्थ आहे, असे विद्यार्थ्याला वाटू न देणे आपल्याला शक्य आहे. सुरीविषयीचे आमचे मत अनुकूलच आहे. ती वापरावी, परंतु कोयत्याविषयीचे मत, तो कोणाच्या हातात आणि कशासाठी आहे हे पाहिल्यावाचून, कोणी बनवू नये.