गॉगल काळा, पण डोळ्यांना सावली किती?

होळी झाली की उन्हाचा नूरच बदलतो. चौकाचौकांत गॉगलवाले उभे राहतात. फळीवर ओळीने खोचलेले शे-दीडशे गॉगल, निळे, हिरवे, सोनेरी, आरशासारखे चमकणारे. कॉलेजात जाणारा मुलगा एकेक चढवून स्कूटरच्या आरशात स्वतःला न्याहाळत असतो आणि सोबतची आई म्हणते, "अरे, हा घे. हा जास्त काळा आहे, उन्हाला बरा." थोडी घासाघीस होते, शंभर-दीडशे रुपयांत सौदा पटतो आणि डोळ्यांची काळजी घेतली या समाधानात दोघे घरी येतात.

जास्त काळा तो उन्हाला बरा, हा गॉगलविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. काच काळी असणे आणि काचेने डोळ्यांचे रक्षण करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. रंग डोळ्यांना दिसतो. ज्यापासून डोळे जपायचे ते अतिनील किरण मात्र कोणालाच दिसत नाहीत. त्यामुळे काचेकडे नुसते पाहून ती चांगली की वाईट हे तुम्हालाच काय, विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

हे नीट समजायचे तर आधी आपला डोळा उन्हात काय करतो ते पाहू.

बाहुलीची करामत

एक साधा प्रयोग करा. मुलाला खिडकीपाशी उजेडात उभे करा. आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत बाहुली पटकन ओळखू येत नाही, म्हणून उजेड भरपूर हवा. आता दहा सेकंद त्याचा डोळा तळहाताने झाका आणि झटकन हात काढा. बुबुळाच्या मधोमध असलेले काळे वर्तुळ आकसताना तुम्हाला स्पष्ट दिसेल. तीच डोळ्याची बाहुली. खरे तर ती एक भोक आहे. उजेड वाढला की बुबुळाचे स्नायू ते लहान करतात, अंधार झाला की मोठे करतात. भर उन्हात बाहुलीचा व्यास दोन मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तरुण माणसाच्या डोळ्यात अंधारात तो सात-आठ मिलिमीटरपर्यंत जातो. वय वाढते तसा हा पसारा कमी होतो. आजीला संध्याकाळी कमी दिसते त्याचे हेही एक कारण आहे.

बाहुलीच्या पुढे काचेसारखे पारदर्शक पटल असते, मागे भिंग असते आणि डोळ्याच्या तळाशी दृष्टिपटल, ज्याला डॉक्टर रेटिना म्हणतात. वस्तूची प्रतिमा स्पष्ट करण्याचे काम भिंगच करते असे आपल्याला वाटते, पण त्यातला सुमारे दोनतृतीयांश वाटा पुढच्या पटलाचा असतो. भिंग जवळचे आणि दूरचे जुळवून घेण्याचे नाजूक काम करते. चाळिशीत त्याची लवचिकता कमी झाली की हातातले वर्तमानपत्र लांब धरावे लागते.

निसर्गाने उन्हासाठी डोळ्याला दोन संरक्षणे दिली आहेत. बाहुली आकसते आणि पापण्या आपोआप किलकिल्या होतात. आता या डोळ्यांवर नुसती रंगवलेली काळी काच चढवली की काय होईल? दिसणारा उजेड कमी झाला, म्हणजे बाहुलीला वाटते सावली आली. ती मोठी होते. पापण्याही निश्चिंत होऊन उघडतात. बाहुलीचा व्यास दोनवरून फक्त तीन मिलिमीटर झाला तरी तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, करून पाहा हिशेब! काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते या मोठ्या झालेल्या दारातून आत शिरतात. म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार सताड उघडे टाकल्यासारखेच झाले.

हे किरण एका दिवसात डोळे बिघडवतात असे नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हाचा हा हिशेब असतो. मोतीबिंदूची कारणे अनेक आहेत. वय, मधुमेह, तंबाखूचे व्यसन ही त्यांतली मोठी, आणि ऊन हे त्यांच्याच पंगतीतले एक. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा, ज्याला आपल्याकडे वडस म्हणतात, तो उन्हातान्हात, धुळीत आणि वाऱ्यात काम करणाऱ्यांमध्ये अधिक आढळतो. विशेष म्हणजे वडस बहुधा नाकाकडच्या बाजूनेच वाढतो. कानशिलाकडून तिरपा येणारा प्रकाश पुढच्या पटलातून वाकून नेमका त्या जागी एकवटतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. फ्रेम निवडताना हा मुद्दा आपल्याला पुन्हा लागणार आहे.

डोंगरावर तर एका दिवसाचे ऊनही पुरते. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत आपल्याच तोंडावर फेकतो. रोहतांगला किंवा लडाखला उघड्या डोळ्यांनी दिवसभर बर्फात खेळणाऱ्या पर्यटकांचे डोळे रात्री लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, उघडवत नाहीत. पुढच्या पटलाला झालेला हा उन्हाचा चटका असतो. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक यावर फार पूर्वीपासून हाडाचा किंवा लाकडाचा चष्मा वापरत आले आहेत. त्याला काच नसतेच, फक्त एक आडवी बारीक फट. किलकिल्या डोळ्यांचीच ती नक्कल आहे.

दुकानात काय विचाराल?

लेबलवर 'यूव्ही ४००' असे लिहिले आहे का ते पाहा. ४०० हा नॅनोमीटरमधला आकडा आहे. त्याहून कमी लांबीच्या लहरी, म्हणजे सगळे अतिनील किरण, काच अडवते असा त्याचा अर्थ. पण चिकटपट्टी काय, कोणीही चिकटवू शकतो. म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊन यंत्रावर काच तपासून मागा. अनेक चष्मेवाल्यांकडे हे छोटे यंत्र असते आणि काम मिनिटभराचे असते. आधी घेतलेले गॉगलही घेऊन जा, संकोच करू नका. काही स्वस्त काचाही या परीक्षेत उत्तम उतरतात, तेव्हा महाग तेच चांगले असेही समजू नका. पॉलिकार्बोनेटची काच तर रंगहीन असली तरी अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवते, आणि सहजासहजी फुटत नाही. मुलांसाठी आणि दुचाकी चालवणाऱ्यांसाठी तीच घ्यावी.

दुसरी परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. गॉगल हातभर लांब धरा आणि एका काचेतून दाराची चौकट पाहा. गॉगल हळूहळू डावीकडे-उजवीकडे सरकवा. चौकटीची रेघ पाण्यातल्यासारखी हलली, वाकली, तर काच सदोष आहे. असा गॉगल लावून डोके दुखते आणि लोक दोष उन्हाला देतात. ही परीक्षा बिननंबरच्या गॉगलसाठीच बरं का, नंबरच्या काचेतून रेघ सरकणारच.

काळेपणाच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत, शून्य ते चार. आपल्याकडच्या उन्हाला तिसरी पायरी योग्य. ती आठ ते अठरा टक्के उजेड आत सोडते. चौथी, सर्वांत काळी, फक्त बर्फाळ डोंगरांसाठी आहे आणि ती लावून गाडी चालवायचीच नसते. तिसऱ्या पायरीचा गॉगलही बोगद्याच्या तोंडाशी काढावा. मॅटिनीला उशिरा शिरल्यावर खुर्ची सापडेपर्यंत आपण कसे चाचपडतो ते आठवा. दृष्टिपटल अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे घेते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा भाताण बोगदा असो की जम्मू-श्रीनगर रस्त्यावरचे बोगदे, गाडी तितका वेळ देत नाही. रात्री गाडी चालवण्यासाठी म्हणून पिवळ्या काचांचे चष्मे विकले जातात. त्यांनी समोरचे दिवे सौम्य वाटतात खरे, पण अंधारात उभा असलेला माणूसही तितकाच अंधूक होतो. ते घेऊ नयेत असेच आम्ही म्हणू.

रंगांत करडा सर्वांत सरळ, वस्तूंचे रंग तो बदलत नाही. तपकिरी रंगात रस्ता, खड्डे, पायऱ्या जरा उठून दिसतात. निळ्या-गुलाबी काचा फोटोपुरत्या ठीक. 'पोलराइज्ड' काच ओल्या रस्त्यावरची, पाण्यावरची, समोरच्या गाडीच्या बॉनेटवरची झळाळी कापते. म्हणून कोकणात, गोव्यात किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणि गाडी चालवणाऱ्यांना ती फार सुखाची. मात्र तिच्यातून मोबाईलचा पडदा कधी कधी काळा दिसतो, आणि पोलराइज्ड आहे म्हणजे अतिनील किरण अडतातच असे नाही. ते वेगळे विचारावे लागते.

आता चेहऱ्याकडे वळू

इतके झाल्यावर खुशाल आरशासमोर उभे राहा. गॉगल शोभायलाही हवा, नाहीतर तो कपाटातच राहतो.

चेहऱ्यात जे जास्त आहे ते फ्रेममध्ये पुन्हा नको, एवढे सूत्र पुरे. गोल, भरल्या गालांच्या चेहऱ्याला गोल काचा अधिक गोल करतात. तिथे जरा कोनदार, रुंदट फ्रेम चांगली. रुंद जबड्याचा चौकोनी चेहरा गोलसर किंवा अंडाकृती फ्रेमने मऊ वाटतो. लांबट चेहऱ्याला उंचीने मोठ्या काचा हव्यात, म्हणजे चेहऱ्याची लांबी मध्ये तुटते. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर वरचा काठ जाडजूड नको, वैमानिकांसारखी पातळ धातूची फ्रेम पाहा. ही फ्रेम १९३०च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांसाठीच बनवली गेली होती.

भुवयांकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. फ्रेमचा वरचा काठ भुवईच्या रेषेत असावा किंवा तिला झाकणारा असावा. भुवया काठाच्या बऱ्याच वर राहिल्या तर चेहऱ्यावर कायमचे आश्चर्य दिसते. मग हसून पाहा. हसताना गालांनी गॉगल वर उचलला गेला तर तो तुमचा नव्हे. नाक बसके असेल तर गॉगल घसरत राहतो. अशांनी नाकावरचे पॅड हलवता येतील अशी धातूची फ्रेम घ्यावी. सावळ्या, गव्हाळ वर्णाला कुळकुळीत काळ्यापेक्षा ठिपकेदार तपकिरी, गडद लाल किंवा मधाच्या रंगाच्या फ्रेम जास्त खुलतात. साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर गॉगल विजोड दिसतो असे मानणाऱ्या भगिनींनी एकदा हा मधाचा रंग लावून पाहावाच.

इथे वडसाचा मुद्दा आठवा. डोळ्यांएवढ्याच काचांचे छोटे गॉगल फॅशनमध्ये येतात-जातात, पण बाजूने आणि वरून येणारे ऊन ते अडवत नाहीत. काचा जरा मोठ्या, कानशिलाकडे वळलेल्या आणि काड्या रुंद असाव्यात. सुदैवाने मोठी फ्रेम आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांना शोभतेही. सोबत काठाची टोपी, छत्री किंवा पदर असेल तर फारच उत्तम.

घरात गॉगल कोणाला?

आपल्या घरांत गॉगल हा तरुण मुलाचा हट्ट समजला जातो. पण ऊन जास्त कोणाच्या डोळ्यांत जाते? भर दुपारी शाळेतून येणाऱ्या धाकटीच्या. तिच्या डोळ्यातले भिंग अजून इतके नितळ असते की मोठ्यांच्या तुलनेत अतिनील किरण जास्त प्रमाणात दृष्टिपटलापर्यंत पोहोचतात. तिला मात्र आपण जत्रेतला खेळण्यातला गॉगल देतो, नेमका नुसता रंगवलेला! तान्ह्या बाळाला गॉगल नको, सावली द्या. पण शाळकरी मुलांना द्यायचा तर खराच द्या. दुसरे, दिवसभर शेतावर, बांधकामावर किंवा भाजीच्या गाडीवर असणाऱ्या वडिलांच्या. 'या वयात गॉगल लावून मिरवू का?' असे ते म्हणतील. त्यांना साधा, करड्या काचेचा, नंबर असेल तर नंबरचाच करून द्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीला मिळणारा मोठा गॉगल धूळ आणि चकाकीपासून जपण्यासाठी असतो. आता बसवल्या जाणाऱ्या बहुतेक कृत्रिम भिंगांत अतिनील किरण अडवण्याची सोय असते, तरीही डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस तो लावायचाच.

गॉगलकडून नसत्या अपेक्षाही नकोत. १९७१ मध्ये 'जय बांगला' नावाने ओळखली गेलेली डोळ्यांची साथ असो की २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात आलेली, डोळे आलेल्याकडे बघितले की आपलेही येतात ही समजूत काही जात नाही. साथ पसरते ती हातांनी, टॉवेलने, उशीने, आणि हो, एकमेकांचा गॉगल वापरल्यानेही. रुग्णाला गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो, इतकेच. तसेच ग्रहणाचे. २४ ऑक्टोबर १९९५चे खग्रास ग्रहण अनेकांच्या आठवणीत असेल. कितीही काळा गॉगल ग्रहण पाहायला चालत नाही. ग्रहणाचे खास चष्मे गॉगलपेक्षा हजारो पटींनी काळे असतात. भिंगाने कागद जाळतो तसा सूर्य दृष्टिपटलावर एकवटतो, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नसल्याने भाजल्याचे त्या क्षणी समजतसुद्धा नाही.

शेवटी निगेविषयी थोडेसे. रजनीकांतला एका हाताने गॉगल फिरवणे शोभते, आपण तो दोन्ही हातांनी काढावा, नाहीतर एक काडी सैल होऊन गॉगल वाकडा बसतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेमागे तो ठेवू नका, उष्णतेने फ्रेम वाकते. पुसण्याआधी काचा पाण्याने धुवा. कोरड्या धुळीवर पदर किंवा रुमाल घासला की बारीक चरे पडतात, आणि चऱ्यांमुळे समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा पसरट दिसू लागला की तो गॉगल बदलायला हवा.