मनाचा आजार आणि आपले मौन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेसह २२ प्रतिज्ञा घेऊन आपण अंधश्रद्धेचे जोखड झुगारले. अंगारे-धुपारे सुटले, मौन मात्र सुटले नाही. घरातील तरुणास नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, आपल्याच माणसांचा संशय त्यास ग्रासू लागला, की धाहरानमधील आपली कुटुंबे दारे लावून घेतात. इकाम्याची धास्ती, बहिणीच्या लग्नाची काळजी आम्ही जाणतो. परंतु वैद्यक या नात्याने सांगणे प्राप्त आहे की, स्किझोफ्रेनियात उपचारास जितका विलंब, तितके सावरणे कठीण.

औषधे आवश्यक आहेत, पुरेशी नाहीत. कुटुंबास आजार नीट समजला, घरातील टीका व धाक कमी झाला, तर आजार उलटण्याचे प्रमाण घटते. कॅनडातील कॅल्गरी येथे स्थायिक झालेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा हा आजार लपविला नाही. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तेथे रुग्णांचे आप्त एकमेकांस आधार देतात.

आपल्या मासिक कौटुंबिक मेळाव्यातही अशा कुटुंबांसाठी एक तास राखून ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. करुणेचा आरंभ आपल्याच घरातून व्हावा.