नांव मुंबईचें, गोलंदाज पंजाबचे

प्रजासत्ताकदिनीं आम्ही घरांतील मुलांमाणसांसह सीताबर्डीचा किल्ला पाहावयास गेलों होतों. वर्षांतून मोजकेच दिवस तो लोकांस खुला असतो, तेव्हां गर्दी पुष्कळ. चढण चढतांना नातवानें विचारिलें, “आजोबा, त्या लढाईंत आपल्याकडे तोफा होत्या ना? मग हरलों कसे?”

प्रश्न सोपा नव्हता. १८१७ च्या २६ व २७ नोव्हेंबरला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनें येथेंच इंग्रजांस घेरलें. धाकटी टेकडी अरबांनीं घेतलीहि. माणसें अधिक, तोफाहि अधिक. तरी दुसरे दिवशीं दुपारपर्यंत सारें उलटलें. तोफा असणें निराळें आणि तोफखाना शिस्तीनें चालविणें निराळें, इतकेंच आम्ही त्यास सांगितलें.

पण ही शिस्त आपल्या लोकांस साधत नसे असें नव्हे. सीताबर्डीनंतर दहाच वर्षांनीं, २८ सप्टेंबर १८२७ रोजीं, मुंबईच्या फौजेंत गोलंदाज पलटणीची आठवी कंपनी उभी राहिली. अंमलदार गोरे, गोलंदाज एतद्देशीय; आणि ‘गोलंदाज’ हें नांवहि साहेबानें आपल्याच बोलींतून उचललेलें!

१८५७ सालीं विश्वास उडाला. १८५९ च्या पील कमिशननें तोफखाना मुख्यतः गोऱ्यांच्याच हातीं असावा असा निर्णय दिला, आणि पुढील दोनतीन वर्षांत हिंदी गोलंदाजांच्या बहुतेक कंपन्या मोडल्या. वांचले ते पंजाब सरहद्दीवरील डोंगरी तोफखाने, हैदराबाद कंटिंजंटचे कांहीं, आणि मुंबईच्या दोन कंपन्या. कारण उघड आहे. डोंगरी तोफ लहान. तिनें भक्कम तट पडत नाहीं कीं मैदानांतील मोठ्या तोफेपुढें तिचा टिकाव लागत नाहीं. १८७९ च्या सुमारास आलेल्या तोफेची नळी दोन तुकड्यांची असे. तुकडे आटे फिरवून जोडावयाचे. सारी तोफ पांच खेचरांच्या पाठीवर मावे. अशी तोफ नेटिवाच्या हातीं देण्यांत धोका तो काय?

मुंबईच्या त्या दोन कंपन्यांस पुढें डोंगरी तोफखान्याचें रूप आलें. धाकटीस जेकबचें नांव मिळालें. २५ एप्रिल १९१५ रोजीं गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडच्या शिपायांबरोबर ती उतरली, तेव्हां तिच्यांतील गोलंदाज पंजाबी शीख व मुसलमान होते. मुळाशीं मुंबई, माणसें पंजाबचीं! लढवय्या जातींच्या सरकारी कल्पनेनें दक्षिणेकडील माणूस या कामांतून हळूहळू बाजूस सारला, हें आम्हांस अजूनहि बोचतें. मैदानी तोफ हिंदी शिपायास पुन्हा मिळावयास १५ जानेवारी १९३५ उजाडावा लागला. त्या दिवशीं बंगलोरास पहिली तुकडी उभी राहिली.

१८२७ ची ती बॅटरी स्वतंत्र भारताच्या वांट्यास आली. तिच्या जन्मदिवशीं, २८ सप्टेंबरला, आपला तोफखाना दरवर्षीं ‘गनर्स डे’ पाळतो.

हें सारें रात्रीं जेवतांना नातवास सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारिलें, “पण आजोबा, बार उडाला म्हणजे खेचरें पळून नसत का जात?”