तंत्रज्ञानाचे प्रमाणपत्र आमच्या गुरुजींच्या हाती हवे

ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराला हात लावू दिला गेला नाही, त्या समाजासाठी शिक्षणाचा दाखला हा नुसता कागद कधीच नव्हता. आमच्या घरातील पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला पहिला मोलाचा कागद म्हणजे बापाचा सातवी पासचा, नाहीतर डी.एड.चा दाखला. त्या दाखल्याच्या बळावर आमच्यात शिक्षक झाले आणि त्या शिक्षकांच्या पगारावर पुढची पिढी डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी झाली. हे ऋण आम्ही विसरलेलो नाही.

आज शिक्षकापुढे आणखी एक दाखला आला आहे. संगणक, मोबाईल, प्रोजेक्टर, क्यूआर कोड, ऑनलाइन चाचणी ही साधने शिकवण्यासाठी कशी वापरायची, याचे प्रशिक्षण घेऊन मिळणारे प्रमाणपत्र. आमचे अनेक शिक्षक बांधव-भगिनी त्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. मतदार याद्या आम्हीच करायच्या, निवडणुकीची ड्युटी आम्हीच करायची, खिचडीचा हिशेब आम्हीच ठेवायचा आणि वर हे! त्यांचा त्रागा खोटा नाही. तरीही आम्ही म्हणतो, हे प्रमाणपत्र मिळवा. का, ते सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. ऐपतदारांची मुले घरात बसून ऑनलाइन तास करू लागली. आमच्या वस्तीतल्या, तांड्यावरच्या, उसाच्या फडावरच्या लेकराचे काय झाले? घरात एक मोबाईल, तोही बाप कामावर घेऊन गेलेला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, तिचा लाभ घरात टीव्ही असलेल्यांना झाला. अशा वेळी धडा रेकॉर्ड करणे, रेंज नसेल तर तो मेमरी कार्डात भरून देणे, एका मोबाईलवर पाच पोरांचा गट बसवणे, या गोष्टी ज्या शिक्षकाला येत होत्या त्याची मुले टिकली. ज्याला येत नव्हत्या, तो मनाने कितीही तळमळला तरी हतबल राहिला. तळमळीला कौशल्याची जोड लागते, हा त्या काळाचा धडा आहे.

हे फक्त शहरी शाळांना जमते, असे कोणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. शाळा खेड्यातली, सरकारी. फरक पडला तो साधन समजून घेतलेल्या शिक्षकामुळे.

शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा आग्रह आमच्या परंपरेला नवा नाही. सावित्रीमाईंनी मुलींना शिकवण्याआधी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, बहुजनांत मिसळणारे असावेत आणि त्यांना पगार चांगला असावा, अशी मागणी होती. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढे सिद्धार्थ, मिलिंद ही महाविद्यालये उभी केली. शोषितांना मिळणारे शिक्षण दुय्यम दर्जाचे असता कामा नये, हीच या सर्वांची भूमिका होती. आज आमच्या मुलांच्या शिक्षकाला नवी साधने येत नसतील, तर आमच्या वाट्याला पुन्हा दुय्यम शिक्षणच येणार.

दुसरे कारण शिक्षकाच्या स्वाभिमानाचे आहे. आरक्षणातून आलेल्या शिक्षकाला शिक्षकांच्या खोलीत 'गुणवत्तेचे' टोमणे ऐकावे लागतात. टोमणे मारणाऱ्याची जात त्याला बोलायला लावते, हे आम्ही जाणतो. पण शाळेत प्रोजेक्टर बिघडला की सगळे ज्याच्याकडे धावतात तो शिक्षक आमचा असेल, तर त्या टोमण्यांची धार आपोआप बोथट होते.

तिसरे कारण बाजाराचे आहे. शिकवणीच्या कंपन्या ॲप घेऊन दारोदार फिरतात आणि आईबाप कर्ज काढून ते घेतात. त्यातले कसदार काय, निव्वळ जाहिरात काय, हे पालकाला सांगणार कोण? गावातला जाणकार गुरुजीच. युनेस्कोने शिक्षकांसाठी तंत्रज्ञान-क्षमतांचा जो आराखडा २०१८ मध्ये सुधारून दिला, त्यात १८ क्षमता सांगितल्या आहेत. नुसती बटणे दाबता येणे एवढाच त्याचा अर्थ नाही. अभ्यासक्रम, मूल्यमापन, वर्गाची मांडणी हे सारे त्यात येते.

आता सरकारलाही चार शब्द. प्रमाणपत्र म्हणजे शिक्षकाच्या पाठीवरचा चाबूक नव्हे. एमएस-सीआयटीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मुदतीत परीक्षा पास न झालेल्या शिक्षकांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, दिलेल्या रकमेची वसुली काढली गेली. अशाने माणूस शिकत नाही, नुसता धास्तावतो. आणि प्रमाणपत्राचा बाजार मांडला की काय होते, हे टीईटी घोटाळ्याने दाखवले. २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. गुण विकत घेणारे घेतात आणि प्रामाणिकपणे अभ्यास करणारा आमचा गरीब उमेदवार मागे राहतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. दीक्षा पोर्टलवर निष्ठाचे अभ्यासक्रम आले. पण व्हिडिओ चालू करून मोबाईल बाजूला ठेवायचा आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, असे होत असेल तर तो पन्नास तासांचा देखावा ठरेल. म्हणून आमची मागणी आहे : प्रशिक्षण मराठीतून द्या, कामाच्या वेळेत द्या, सरकारी खर्चाने द्या. प्रमाणपत्र देण्याआधी शिक्षकाचा वर्गातला पाठ पाहा. शाळेला वीज आणि साधने आधी द्या. कंत्राटी शिक्षक, आश्रमशाळा व समाजकल्याणच्या निवासी शाळांतील शिक्षक यांनाही त्यात घ्या. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झाले. त्यातून फी भरून कोर्स कर, असे त्याला सांगणे हा अन्याय आहे.

मात्र सरकारची वाट पाहत बसण्याची सवय चळवळीला नाही. स्वयम्, दीक्षा या सरकारी पोर्टलवर अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. आमच्या शिक्षक संघटनांनी बदल्यांच्या निवेदनांबरोबर हेही काम हाती घ्यावे. ज्याला येते त्याने चौघांना शिकवावे. रविवारी बुद्ध विहारात वंदनेनंतर दोन तास तेथील शिक्षक एकत्र बसले, एक लॅपटॉप मध्ये ठेवला, तरी सुरुवात होईल. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या गुरुजींनी मागच्या रांगेत बसायला लाजू नये. बाबासाहेब शेवटपर्यंत विद्यार्थीच राहिले.

बापाच्या पेटीतल्या दाखल्याने एक पिढी उभी केली. हा नवा दाखला पेटीत ठेवण्यासाठी नाही. तो वर्गात वापरा, म्हणजे पुढची पिढी उभी राहील.

जय भीम!